मोजपट्टी ते मॉडेल : जंगलाची वाढ गणितात बसवण्याची तीनशे वर्षे

सागाचे रोप लावणारा वनाधिकारी तेच झाड तोडले जाताना सहसा पाहत नाही. लागवडीतला साग तोडणीला यायला पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात आणि सरकारी नोकरी फार तर पस्तीस वर्षांची. आमच्या स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत तुळईवर मोडेपर्यंत भार देऊन पाहता येतो. जंगलाचा असा प्रयोग करायचा तर प्रयोग सुरू करणारा एक, मोजणारा दुसरा आणि निष्कर्ष काढणारा तिसऱ्याच पिढीतला असतो. निर्णय मात्र आजच घ्यावा लागतो : किती झाडे तोडायची, कोणती राखायची, कोणाला आत जाऊ द्यायचे. या अडचणीतून वनवाढीची मॉडेले जन्माला आली.

मॉडेल म्हणजे आजच्या मोजमापांवरून पुढचे जंगल कसे असेल हे सांगणारी नियमांची मांडणी. ती कधी छापील तक्ता असते, कधी समीकरण, कधी संगणकावरचा प्रोग्रॅम. या टिपणात आपण तिचा इतिहास पाहणार आहोत. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारायचे आहेत : मॉडेलने काय मोजले, आणि काय मोजायचे सोडून दिले?

लाकूडटंचाईतून आलेले तक्ते

सुरुवात जंगलात नव्हे, खाणीत झाली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी होत्या. धातू वितळवण्यासाठी कोळसा लागे, खाणींना आधार देण्यासाठी ओंडके लागत, आणि आसपासची राने उजाड होत चालली होती. फ्रायबर्ग येथील खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली वनशास्त्रावर एक मोठा ग्रंथ छापला. जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे ते कायम पुरेल, हा त्यातला गाभ्याचा विचार. आज ‘शाश्वत विकास’ हा शब्द आपण येताजाता वापरतो. त्याचे एक मूळ या खाणवाल्याच्या हिशेबात आहे.

पण ‘वाढते तेवढेच’ म्हणजे नेमके किती? अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वनाधिकाऱ्यांनी त्याचे उत्तर तक्त्यांत द्यायला सुरुवात केली. पॉलसेन, हार्टिग आणि नंतर थारांटच्या वनशाळेचा संस्थापक हाइनरिख कोटा ही यातली ठळक नावे. उत्पन्न-तक्त्याची रचना साधी असते. डावीकडे जंगलाचे वय, पुढे दर हेक्टरी झाडांची संख्या, सरासरी उंची, सरासरी व्यास आणि लाकडाचे घनफळ. चांगल्या, मध्यम आणि हलक्या जमिनीसाठी वेगवेगळे तक्ते. जमीन कोणत्या प्रतीची हे मातीवरून न ठरवता ठरावीक वयाला उंच झाडे किती उंच झाली यावरून ठरवत. त्यामागे विचार होता. झाडे दाट असली की खोडे बारीक राहतात, पण सर्वांत उंच झाडांच्या उंचीवर दाटीचा परिणाम कमी होतो. उंचीवरून जमिनीचा कस ओळखण्याची ही युक्ती आजही वापरात आहे.

१८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमनने याला व्याजाचे गणित जोडले. पुढच्या सगळ्या तोडण्यांचे उत्पन्न आजच्या किमतीत आणून जमिनीचे मोल काढण्याचे त्याचे सूत्र अर्थशास्त्राच्या पुस्तकांत अजून शिकवले जाते.

तक्ता खरा ठरण्यासाठी मात्र जंगल तक्त्यासारखे असावे लागते : एकाच जातीचे, एकाच वयाचे, सारख्या अंतरावर. मिश्र जंगल त्यात बसत नाही. म्हणून हळूहळू स्प्रूससारख्या एकाच जातीच्या लागवडी वाढत गेल्या. तक्ता जंगलावरून तयार झाला आणि मग जंगल तक्त्याबरहुकूम लावले जाऊ लागले. मॉडेल आणि वास्तव यांचे नाते असे उलटे फिरू शकते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

तक्त्यांत आणखी एक गृहीतक दडले होते : जमिनीचा कस आणि हवामान बदलत नाही. ते तपासण्याची सोय जर्मनांनी नकळत करून ठेवली होती, कारण १८७० च्या दशकापासूनचे प्रायोगिक भूखंड ते आजही मोजतात. त्यांवर आधारित २०१४ च्या एका अभ्यासात हान्स प्रेट्श आणि सहकाऱ्यांना आढळले की १९६० च्या तुलनेत स्प्रूसची झाडे ३२ टक्के आणि बीचची झाडे ७७ टक्के अधिक वेगाने वाढत आहेत. वाढलेले तापमान, लांबलेला वाढीचा हंगाम, हवेतून पडणारा नायट्रोजन, वाढलेला कार्बन डायऑक्साइड ही संभाव्य कारणे. त्याच गटाने २०१८ मध्ये दुसरी बाजू दाखवली : १९०० पासून लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी घटली आहे. म्हणजे झाड जाड होते, पण लाकूड हलके. घनफळावरून कार्बनचा हिशेब जुन्याच घनतेने केला, तर तो फुगलेला येणार.

ब्रँडिस, हत्ती आणि बांबू

हा जर्मन विचार भारतात आला तो ब्रह्मदेशमार्गे. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत ब्रिटिशांकडे आला. तिथल्या सागावर ठेकेदारांची नजर होती, आणि किती साग शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८५६ मध्ये बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस याला तिथे नेमण्यात आले. संपूर्ण जंगल मोजणे अशक्य होते. ब्रँडिस हत्तीवर बसून ठरावीक वाटेने जाई आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची सागाची झाडे घेरानुसार वर्गवारी करून मोजी. पावसात कागद टिकत नाही, म्हणून नोंद बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडून ठेवी, असे सांगतात. संख्याशास्त्रात ज्याला आपण पट्टा-नमुना म्हणू, तेच हे काम.

त्याची युक्ती पुढच्या हिशेबात होती. समजा, दुसऱ्या वर्गातले झाड पहिल्या, म्हणजे सर्वांत जाड वर्गात यायला २४ वर्षे लागतात. मग पहिल्या वर्गातली झाडे वर्षाला चोविसाव्या हिश्शाहून जास्त तोडायची नाहीत, म्हणजे २४ वर्षांत जेवढी संपतील तेवढी खालून वर येतील. अर्थात मधल्या काळात काही मरतील, त्यांची वजावट करायची. इथे वयाची गरजच नाही, आणि उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांना मोजता येतील अशी वर्षवलये नसतात हे लक्षात घेतले तर ही केवढी सोय होती ते कळते. पुढे १९६६ मध्ये मायकेल अशर याने जंगलाच्या वाढीसाठी मॅट्रिक्सची पद्धत मांडली : प्रत्येक जाडीच्या वर्गात किती झाडे राहतात, किती वर सरकतात, किती नवी येतात. मला विचाराल तर ब्रँडिसच्या हिशेबात ते मॅट्रिक्स होतेच, फक्त कंस घालून लिहिलेले नव्हते.

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले, राखीव जंगले आखली गेली, आणि प्रत्येक विभागासाठी कार्य आयोजना लिहिण्याची पद्धत रुजली. आता आपला दुसरा प्रश्न विचारू. या हिशेबात काय नव्हते? साग होता, साल होता, देवदार होता. चारा, सरपण, मोहाची फुले, डिंक, फिरती शेती करणाऱ्यांची पाच-दहा वर्षांनी पुन्हा येण्याची जागा, यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. रकाना नसलेली वस्तू आधी हिशेबातून जाते आणि मग तिच्यावरचा लोकांचा हक्क ‘सवलत’ म्हणून लिहिला जातो. याचा सगळा दोष गणितावर टाकता येणार नाही. महसुलाची भूक त्याआधीची. पण गणिताने त्या भुकेला शिस्तीचे रूप दिले, एवढे म्हणायला हरकत नाही.

डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये सुरू झाली आणि देशभरातल्या नमुना-भूखंडांची मोजणी एका ठिकाणी येऊ लागली. १९४० मध्ये लॉरी आणि बक्षी संत राम यांनी भारत आणि ब्रह्मदेशातल्या लागवडीच्या सागाचे उत्पन्न-तक्ते प्रसिद्ध केले. विरळणी कधी करायची, किती झाडे राखायची, यासाठी पुढे कित्येक वर्षे त्यांचाच आधार घेतला गेला.

एकेक झाड, दहा मीटरचा चौकोन

तक्ता सरासरी सांगतो. एखाद्या मिश्र रानात कोण कोणाला सावलीत टाकतो हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी झाड हे एकक धरावे लागते, आणि हजारो झाडांचा हिशेब वर्षानुवर्षे करायचा तर यंत्र हवे. १९६० च्या दशकात कॅनडात डग्लस फरसाठी अशी पहिली मॉडेले झाली. १९७३ मध्ये अल्बर्ट स्टेज याने अमेरिकेच्या वनखात्यासाठी ‘प्रॉग्नोसिस’ तयार केले, त्याचे वारस अजून कामात आहेत. पण विचार बदलला तो ‘जाबोवा’ने.

हे नाव जानक, बॉटकिन आणि वॉलिस या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून झाले आहे. जेम्स जानक आणि जेम्स वॉलिस आयबीएमच्या संशोधन केंद्रातले, डॅनियल बॉटकिन येल विद्यापीठातले परिस्थितिकीतज्ज्ञ. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलासाठी त्यांनी हे मॉडेल १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पद्धत अशी : जंगलाचा दहा मीटर बाजूचा एक चौकोन घ्यायचा. एवढ्या जागेत एक मोठे झाड पडले तर खाली प्रकाशाचा झोत येतो. त्या चौकोनातल्या प्रत्येक झाडाची जात आणि व्यास लक्षात ठेवायचे, आणि दर वर्षी तीन गोष्टी करायच्या : वाढवणे, मारणे, नवी रोपे आणणे.

वाढीचा नियम तोंडी सांगता येईल. झाडाचे आकारमान पानांच्या प्रमाणात वाढते. पण झाड त्या जातीच्या कमाल व्यासाच्या आणि कमाल उंचीच्या जवळ जाऊ लागले की वाढ शून्याकडे सरकते, कारण मिळवलेले अन्न आहे तो देह पोसण्यातच खर्च होते. ही झाली आदर्श वाढ. मग तिला एकाहून लहान गुणकांनी गुणायचे : वरच्या झाडांची सावली किती, उन्हाळ्याची ऊब किती, गर्दी किती.

मरण्याचा नियम मला फार आवडतो, कारण तो वर्गात फळ्यावर पाचच मिनिटांत तपासता येतो. एखाद्या जातीचे कमाल वय २०० वर्षे असेल तर दर वर्षी मरण्याची संभाव्यता ४ भागिले २००, म्हणजे ०.०२ धरायची. मग २०० वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ०.९८ चा २०० वा घात, सुमारे १.८ टक्के. म्हणजे शंभरातली जेमतेम दोन झाडे कमाल वय गाठतात, हे गृहीतक आधी आणि ४ हा आकडा त्यातून आलेला. दुसरा नियम दुबळ्या झाडांचा : ज्याची वाढ जवळजवळ थांबली आहे त्याला दर वर्षी ०.३६८ संभाव्यतेने मारायचे. ०.६३२ चा दहावा घात काढून पाहा, ०.०१ येतो. दहा वर्षे कुपोषित राहिलेल्या शंभर झाडांतले एकच वाचते. हे आकडे कोणी रानात जाऊन मोजलेले नव्हते. ते समंजस अंदाज होते, आणि लेखकांनी ते उघडपणे मांडले होते.

एवढ्या साध्या नियमांतून काय निघाले? डोंगराच्या पायथ्याशी रुंदपर्णी झाडे आणि उंचीवर स्प्रूस-फर, हा हबर्ड ब्रुकमधला खरा क्रम मॉडेलमध्ये आपोआप उमटला. तो कोणी घातला नव्हता. १९७७ मध्ये हर्मन शुगार्ट आणि डॅरेल वेस्ट यांनी याच ढाच्यावर ‘फोरेट’ रचले आणि त्यातून वेगळाच प्रश्न विचारला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका बुरशीने अमेरिकन चेस्टनटची झाडे जवळपास संपवली होती. चेस्टनट ठेवून आणि काढून, असे दोनदा मॉडेल चालवून त्यांनी या रोगाचा जंगलावरचा परिणाम तपासला. तक्त्याला असला प्रश्न विचारताच येत नाही. नव्वदच्या दशकात स्टीफन पकाला आणि सहकाऱ्यांच्या ‘सॉर्टी’ने पुढचे पाऊल टाकले : समंजस अंदाजांच्या जागी रानात मोजलेले आकडे घातले. कोणती जात किती सावलीत किती वाढते, किती मरते, बी किती लांब पडते, हे सगळे प्रत्यक्ष मोजून.

पानाच्या आतून

दुसरा प्रवाह झाडाऐवजी पानापासून निघाला. १९५३ मध्ये मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की पानांच्या थरांतून खाली जाताना प्रकाश घातांकी नियमाने कमी होतो. रंगीत द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाचा नियम तुम्ही रसायनशास्त्रात शिकलात, तोच. १९८० मध्ये फार्कर, फॉन कॅमरर आणि बेरी यांनी प्रकाशसंश्लेषणाचे जैवरासायनिक मॉडेल दिले. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड वाढला तर पान काय करील, हे गणिताने सांगता येऊ लागले. १९८८ मध्ये रनिंग आणि कॉफलन यांचे मॉडेल कार्बन, पाणी आणि नायट्रोजन यांचा एकत्र हिशेब मांडू लागले. १९९७ चे लँड्सबर्ग आणि वॉरिंग यांचे ‘थ्री-पीजी’ या दोन प्रवाहांमधला पूल म्हणता येईल. पाने प्रकाशातून किती अन्न बनवतात इथपासून सुरू करून ते वनाधिकाऱ्याला हव्या त्या आकड्यापर्यंत, म्हणजे हेक्टरी लाकडापर्यंत येते. निलगिरी आणि पाइनच्या लागवडींसाठी ते जगभर वापरले जाते.

या प्रवाहाला एक कठोर परीक्षा द्यावी लागली. पान जास्त कार्बन डायऑक्साइड मिळताच जास्त अन्न बनवते, हे खरे. पण अख्खे जंगल? उघड्या रानात झाडांभोवती नळ्यांचे वर्तुळ उभारून वर्षानुवर्षे जादा वायू सोडण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगात उत्पादकतेतली वाढ सुरुवातीला २४ टक्के होती, ती २००८ पर्यंत ९ टक्क्यांवर आली, कारण जमिनीतला नायट्रोजन अपुरा पडला. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरी जंगलात तर, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार, झाडांनी जादा कार्बन घेतला पण त्यातून जादा लाकूड झाले नाही. तो श्वसनातून आणि मातीतून परत हवेत गेला.

एकाच देशाची दोन उत्तरे

आता भारताकडे येऊ. हवामान बदलले तर आपल्या जंगलांचे काय होईल? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘बायोम-४’ मॉडेल वापरून उत्तर दिले : २०८५ च्या सुमारास जास्त उत्सर्जनाच्या परिस्थितीत ७७ टक्के आणि मध्यम परिस्थितीत ६८ टक्के वनक्षेत्राच्या चौकटींमध्ये जंगलाचा प्रकार बदलण्याची शक्यता आहे. २०११ मध्ये त्याच संस्थेशी निगडित गटाने, त्याच प्रादेशिक हवामान-मॉडेलचा आधार घेऊन, पण ‘आयबिस’ हे गतिमान वनस्पती-मॉडेल लावून पुन्हा हिशेब केला. आकडे आले ३९ आणि ३४ टक्के. जवळपास निम्मे.

यातले बरोबर कोणते, हा प्रश्न घाईचा आहे. दोन्ही मॉडेलांना विचारलेले प्रश्न वेगळे होते. बायोम-४ समतोलाचे मॉडेल आहे : असे हवामान कायमचे झाले तर इथे शेवटी कोणते जंगल शोभेल, एवढेच ते सांगते. मधला काळ त्यात नाही. आयबिस वर्षामागून वर्ष कार्बनचा हिशेब करत पुढे जाते. उभे जंगल सहजी जागा सोडत नाही हे त्यात काही प्रमाणात येते. तुमच्या भाषेत सांगायचे तर एक स्थिर अवस्थेचे उत्तर, दुसरे संक्रमणाचे. बातमीत मात्र एकच टक्केवारी छापली जाते, आणि आराखडे बनवणाऱ्यांच्या हाती बहुधा तीच पडते.

२०११ च्या अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक विचारात पाडतो. जास्त उत्सर्जनाच्या परिस्थितीत जंगलांची निव्वळ उत्पादकता सरासरी ६८.८ टक्क्यांनी वाढेल, असे त्यात आले. यात तापमान आणि पाऊस यांचाही वाटा आहे, त्यामुळे ओक रिजच्या ९ टक्क्यांशी त्याची थेट तुलना करता येणार नाही. तरी नायट्रोजनची, वणव्यांची आणि किडींची मांडणी त्या पिढीच्या मॉडेलांत तोकडी होती हे ध्यानात ठेवले, तर एवढी मोठी वाढ गृहीत धरून कोणी योजना आखू नये. हा केवळ अभ्यासकांमधला वाद नाही. २०३० पर्यंत अतिरिक्त वने आणि वृक्षाच्छादनातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतकी साठवण निर्माण करण्याचे वचन भारताने २०१५ मध्ये दिले आहे. कोणती जमीन कोणत्या झाडांखाली आणायची, गवताळ माळावर रोपे लावायची की तो गुरांसाठी राहू द्यायचा, हे निर्णय दर हेक्टरी वाढीच्या अंदाजावर होतात.

मुदुमलाईचे पन्नास हेक्टर

मॉडेल तपासायचे तर रानातले आकडे लागतात. १९८० मध्ये पनामाच्या बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या भूखंडात एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड मोजण्याचे काम सुरू झाले. तिथे सव्वादोन लाखांहून अधिक खोडे आणि सुमारे ३०० जाती निघाल्या. १९८८-८९ मध्ये रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईत तेवढाच भूखंड आखला. जंगल कोरडे, पानझडीचे. खोडे निघाली पंचवीस हजारांहून थोडी अधिक, जाती सत्तरच्या आसपास.

दाटीत हा जवळपास नऊपटींचा फरक कुठून आला? पाऊस कमी, हे एक कारण. पण मुदुमलाईत उन्हाळ्यात वणवे लागतात आणि बारकी खोडे जळतात; हत्ती काही जातींची कोवळी झाडे मोडतात, साली सोलतात. इथे झाड मोठे होईल की नाही हे सावलीइतकेच आगीवर आणि हत्तीवर ठरते. जाबोवाचा सगळा डोलारा प्रकाशाच्या स्पर्धेवर उभा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये ते चालले, कारण तिथे मुख्य झगडा तोच आहे. आपल्या पानझडी जंगलांत वणवा, चराई, फांद्यांची छाटणी आणि आता घाणेरीचे रान हे सगळे मॉडेलात आणावे लागेल, आणि ‘अडथळा’ म्हणून कडेला नव्हे, तर मुख्य नियम म्हणून. हे काम अजून बरेच बाकी आहे. एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा.

सध्याचा जोर दूरसंवेदनावर आणि यंत्र-शिक्षणावर आहे. २०१८ च्या अखेरीस अंतराळ स्थानकावर बसवलेल्या ‘जेडाय’ या लेसर उपकरणाने जंगलांची उंची वरून मोजली. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून नासा आणि इस्रो यांचा ‘निसार’ हा रडार उपग्रह सुटला. जंगलातील जैवभाराचा अंदाज हे त्याच्या कामांपैकी एक. यंत्र-शिक्षणाने हे सगळे आकडे जोडून सुंदर नकाशे तयार होतात. मात्र शिकवताना जे हवामान दाखवलेच नाही त्याबद्दल असा प्रोग्रॅम बोलू लागला की त्याची गत १८२० च्या उत्पन्न-तक्त्यासारखीच होते : आत नेमका, बाहेर आंधळा. म्हणून काही संशोधक पानाचे भौतिक नियम आणि शिकलेले नियम एकत्र बांधण्याच्या मागे आहेत, आणि मला तोच रस्ता बरा वाटतो.

रडारचीही मर्यादा आहे. झाडी एका मर्यादेपलीकडे दाट झाली की परत येणारा संकेत वाढत नाही, त्यामुळे सह्याद्रीतल्या सदाहरित रानांसारख्या ठिकाणी उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या मोजणीशी जुळवून घ्यावाच लागतो. मुदुमलाईत ती मोजणी चालू आहे : कोण मेले आणि कोण नवे आले याची नोंद दर वर्षी, आणि प्रत्येक खोडाची जाडी दर चार वर्षांनी, हातात टेप घेऊन.